एक दिवस पुढे

आई जाऊन दीड महिना झाला आणि तिघं उन्हाळ्याच्या सुट्टीला निघाले. शेजारपाजारच्यांनी भुवया उंचावल्या असतील, पण सहल आईनेच ठरवलेली होती. हिवाळ्यात, गळ्याच्या ऑपरेशनच्या आधी, तिने सगळं पक्कं करून ठेवलं होतं. स्टेशनजवळच्या एका घरात खोली घ्यायची आणि तिथून रोज सकाळी छोट्या गाडीने एकेक ठिकाण बघून संध्याकाळी परत यायचं. सोमवारी किल्ला, मंगळवारी दीपगृह, बुधवारी बाग, गुरुवारी तळं. तिकिटंही तिनेच काढली होती. तीन.

"आणि चौथं?" बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

"माझं मी बघते," एवढंच ती म्हणाली होती.

बाबा चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचे. तीस वर्षं लोकांना लांबचं नीट दिसावं म्हणून झटलेला माणूस, पण या दीड महिन्यात समोर ठेवलेला चहासुद्धा त्यांना दिसत नव्हता. ताई दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरीला होती. आईचा रिपोर्ट सगळ्यांच्या आधी तिनेच वाचला होता आणि दोन दिवस कुणाला सांगितला नव्हता. धाकटी नऊ वर्षांची. आई गेल्यापासून ती ताईची ओढणी मुठीत धरून झोपायची.

रविवारी दुपारी गाडी पोचली. खोली भाड्याने देणाऱ्या मावशी दारातच उभ्या होत्या. हातातला पंखा हलवत त्या म्हणाल्या, "या या. खिडकीकडची खोली झाडून ठेवलीय. जास्तीची उशीपण ठेवलीय, बाबांच्या पाठीसाठी. तुमच्या बाईंनी बजावून सांगितलं होतं."

हिवाळ्यात फोन केला असेल, ताईच्या मनात आलं. आई होतीच तशी. कुठेही जायचं झालं की आधी फोन, आधी चौकशी.

सोमवारी किल्ल्याच्या पायथ्याशी माहिती सांगणारा म्हातारा त्यांना बघून उठला आणि त्याने एक काठी बाबांच्या हातात दिली. "गुडघा दुखतो ना तुमचा? घ्या. काल एक बाई सांगून गेल्या. मोठी मुलगी, छोटी मुलगी आणि लंगडत चालणारे गृहस्थ येतील म्हणाल्या."

"काल?" ताईने विचारलं.

"काल. ऊन उतरता उतरता."

 बाबा काठी टेकत वर चढले, तटावरून खालचे रूळ बघत उभे राहिले. कुणीतरी चेष्टा करतंय, किंवा म्हाताऱ्याचं डोकं उन्हाने फिरलंय, असं ताईने स्वतःला समजावलं.

मंगळवारी दीपगृहावर मात्र तिची समजूत पुरी पडली नाही. आत गोल जिना होता, भिंती ओलसर, पावलांचा आवाज वरपर्यंत जाऊन पुन्हा खाली यायचा. दार उघडणाऱ्या रखवालदाराने धाकटीला बघताच स्टूल पुढे केलं. "ही इथेच बसेल. हिला उंचावर चक्कर येते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काल आल्या होत्या ना बाई. सगळा जिना चढून बघितला त्यांनी. कुठली पायरी निसरडी आहे, कुठला कठडा हलतो..." तो जरा घुटमळला. "आवाज बसलाय वाटतं त्यांचा. बोलताना गळ्यावर असा हात धरतात."

 ऑपरेशननंतर गळ्यावरचं भोक बोटांनी दाबल्याशिवाय आईला बोलता येत नसे. ते शेवटच्या दोन महिन्यांतलं. हिवाळ्यातल्या फोनवर ते कुणाला कळणार होतं? आणि आता ताईला जिन्यात तो वासही आला. समुद्राचा खारट वास होताच, पण त्याच्या खाली जखम धुवायच्या औषधाचा. आईच्या उशाशी रात्रंदिवस असायचा तो.

परतीच्या गाडीत बाबा पहिल्यांदा आपणहून बोलले. डोळे चमकत होते त्यांचे.

"ती एक दिवस पुढे आहे, ताई."

"बाबा, नका असं बोलू..."

"अगं, सोपं आहे. आपण आज जिथे, तिथे ती काल. म्हणजे आज ती बागेत असणार आणि उद्या तळ्यावर." त्यांनी आईचा कागद उलगडून मांडीवर ठेवला. "उद्या आपण बागेत जायचंच नाही. तळ्यावर जायचं. थेट गाठायचं तिला."

"गाठून काय करायचं, बाबा?"

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. बुधवारी सकाळी त्यांनी गुळगुळीत दाढी केली, ठेवणीतला शर्ट काढला, केस ओले करून भांग पाडला. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. ताईला ते बघवेना. इतके दिवस हा माणूस हसावा म्हणून ती झुरत होती आणि आज हसला, तर तिने मान फिरवली.

तळ्याचं स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक बाक. उतरणारे हे तिघंच. ऊन होतं, पण पाण्यावर धुरकट काहीतरी पसरलेलं, त्यामुळे पलीकडचा काठ मधूनच दिसायचा, मधूनच पुसला जायचा. वारा होता तरी पाणी हलत नव्हतं. काठावर एक नावाडी दोर गुंडाळत बसला होता. त्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा पडला.

"तुम्ही तर उद्या येणार होता."

"बाई कुठेत?" बाबांनी विचारलं.

"आत्ताच पलीकडे सोडून आलो. पण त्या म्हणाल्या होत्या उद्या..."

बाबा नावेत उतरलेसुद्धा. ताई पुढे झाली, तर नावाड्याने हाताने अडवलं. "एकालाच नेता येईल. तसंच सांगितलंय."

"बाबा, उतरा. बाबा, आपण बागेत जाऊ, मी पाया पडते तुमच्या..."

"पोरी, एकदा बघू दे," बाबा म्हणाले. "एकदाच."

नाव निघाली. वल्ह्यांचा आवाज येत नव्हता. ताई धाकटीला कवटाळून उभी राहिली. ते धुरकं जरा विरलं आणि पलीकडचा दगडी धक्का दिसला. धक्क्यावर एक बाई होती, पाठमोरी, वाकलेली. तिथला बाक ती हाताने पुसत होती. घाईघाईने नाही, नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून. पाहुणे यायच्या आधी घरातला पाट पुसावा तशी. तो वाकलेला खांदा ताईने कोट्यवधी माणसांतून ओळखला असता. तिला हाक मारायची होती. "आई" हा शब्द ओठांपर्यंत आला, आणि तिथेच तिला कळलं, की ही हाक मारली तर बाबा परत यायचे नाहीत.

तिच्याऐवजी धाकटीच ओरडली. आईला नाही.

"बाबा! बाबा, मला एकटीला भीती वाटते!"

बाई थांबली. सरळ झाली. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण एक हात गळ्याकडे गेलेला दिसला आणि दुसरा वर उठला, तळवा पुढे करून. नाव तिथल्या तिथे थांबली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग धुरकं पुन्हा दाटलं, आणि त्यातून नाव बाहेर आली तेव्हा तिचं तोंड अलीकडच्या काठाकडे होतं.

बाबा गुडघ्यापर्यंत भिजलेले होते. ताईने त्यांना धरून बाकावर बसवलं. कितीतरी वेळ ते नुसते हुंदके देत राहिले. दवाखान्यातही ते असे रडले नव्हते.

"ओळखलं तिने मला," शेवटी ते म्हणाले. "पण रागावली गं. ताटं घ्यायच्या आधी स्वयंपाकघरात डोकावलं की कशी बघायची... तशी बघितली. म्हणाली, अजून आवरलं नाही."

"काय आवरलं नाही?"

"ते नाही विचारलं मी," बाबा म्हणाले आणि त्यांनी धाकटीला मांडीवर ओढून घेतलं.

गुरुवारी ते बागेत गेले. कुणी वाट बघत नव्हतं. माळ्याने ओळख दाखवली नाही, सावलीतली बाकं सगळी भरलेली, पाण्याची बाटलीही खोलीवर राहिली. तिघांनी उन्हात बसून डबा खाल्ला. बाबांनी पहिल्यांदाच धाकटीला विचारलं, आणखी हवं का. ताईला वाटलं, आई खरी गेली ती आज. तिला रडू आलं आणि हलकंही वाटलं.

शुक्रवारी सकाळी गाडी होती. बाबा आणि धाकटी सामान घेऊन पुढे गेले. ताई किल्ली द्यायला मावशींकडे थांबली.

"पुढच्या उन्हाळ्यातही हीच खोली ठेवते हं," मावशी म्हणाल्या. "पहाटे दाराशी आल्या होत्या बाई. म्हटलं आत या, पोरी उठतील इतक्यात. नको म्हणाल्या."

ताईच्या हातातली किल्ली तशीच राहिली.

"मी विचारलं, गाद्या तीनच ना?" मावशींनी किल्ली तिच्या हातातून काढून खिळ्याला अडकवली. "तर म्हणाल्या, पुढच्या वर्षी दोन पुरतील."

स्टेशनवर गाडी लागली होती. खिडकीतून बाबा हात हलवत होते, थोडं पलीकडून धाकटी "ताई, लवकर ये ना!" म्हणून ओरडत होती. दोघांच्या मधली जागा त्यांनी तिच्यासाठी धरून ठेवली होती. ताई फलाटावर उभी राहून एकदा बाबांकडे बघत राहिली, एकदा धाकटीकडे, आणि मग गाडीच्या काचेत दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे.