निंफाच्या मुळावर

सप्टेंबर लागला की गाएतानो परसातल्या अझारोलाच्या झाडाखाली उभा राहायचा, बोराएवढं लाल फळ तोंडात टाकायचा आणि म्हणायचा, "वा! निंफाची अझारोला!"

निंफा त्याची पहिली बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. रानातलं काटेरी रोप आणून परसात लावलं तिनंच, आणि त्याच्या खोडावर हे गोड कलमही तिनंच बांधलं होतं. दुसरी बायको फिलोमेना चुलीपाशी उभी राहून हे ऐकायची आणि जळायची. जिवंत सवतीच्या झिंज्या तरी धरता येतात. मेलेलीचं काय धरणार?

फिलोमेनाचा बाप कलमं बांधणारा, तिचाही हात त्यात बसलेला. एका फेब्रुवारीत नवरा बाजाराला गेल्यावर तिनं निंफाचं कलम करवतीनं साफ उतरवलं आणि उरलेल्या बुंध्यावर माहेरच्या पिवळ्या अझारोलाच्या काड्या चढवल्या. बांधायला स्वतःच्या लग्नातला रुमाल फाडला.

गाएतानो परत आला, बघत राहिला. "अगं, मुळं तिचीच राहिली की!"

"मुळं कोण खातंय?" ती फणकारली. "आता फळ माझ्या नावानं खायचं."

तिसऱ्या वर्षी झाड पिवळंधमक लगडलं. जेवणानंतरची ती टळटळीत वेळ. सिसिलीत शहाणी माणसं तेव्हा दारं लावून निजतात, अंगणात पाऊल टाकत नाहीत; भरदुपारी मेलेली माणसं फिरतात म्हणे. फिलोमेनाला कुठला धीर! तिनं वाटीभर फळं तोडली, एक झाडाखालीच खाल्लं आणि आत येऊन नवऱ्याला हलवलं.

त्यानं डोळे मिटूनच फळ चावलं. "छान झालीत गं, निंफा."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "डोळे उघड आणि बघ कोण आहे ते!"

त्यानं डोळे उघडले. मग मागे सरकत भिंतीला टेकला आणि छातीवर क्रूस काढला.

"निंफा... तू कशी आलीस?"

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या गावाहून तिची आई आली होती, सुक्या अंजिरांची टोपली घेऊन. फिलोमेनाला हायसं वाटलं. आईनं मात्र तिला नखशिखान्त न्याहाळलं.

"आपण कोण, बाई? माझी फिलोमेना कुठंय?"

'मम्मा, मीच ना!' म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"निजलीय हो ती," तोंडातून भलतेच शब्द आले. "उठवू नका..."