उघडं कसं नेऊ?

बुधवारी रात्री पावणेनऊला लाइट गेली. सुनेचा नवरा पॅड आणि गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेला होता. सून, नणंद आणि सासरे जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले.

सून ब्लाउज शिवायची. तिला चौथा महिना होता, आणि सोमवारी डॉक्टरबाईंनी पोटावर मशीन फिरवून सांगितलं, ठोके थांबलेत. गुरुवारी सकाळी सातला उपाशीपोटी या, पिशवी साफ करू. झालं. पुढे काय करतात, किती दुखतं, एका अक्षरानं सांगितलं नाही. शिलाई मशीन विकणारा दुकानदारसुद्धा याहून जास्त सांगतो. सासूबाईंना विचारलं असतं, पण त्या लग्नाआधीच गेलेल्या, फोटोतच पाहिलेल्या. आणि सासरा सुनेशी असलं काय बोलणार?

सासरे बस डेपोत फिटर होते. ते खोकले. मग म्हणाले, "एक गोष्ट सांगतो. माझ्या ओळखीच्या एका माणसाची. अगदी खरी."

"भुताची?" नणंद सरसावून बसली.

"ते तूच ठरव. त्या माणसाची बायको अशीच चौथ्या महिन्यात दवाखान्यात दाखल झाली. एकतीस वर्षं झाली त्याला. रात्री सव्वाबाराला नर्सनं नवऱ्याला इंजेक्शन आणायला खाली पाठवलं. सहा खाटांची खोली, पाच रिकाम्या. बाईच्या कापडी पिशवीत लपवलेलं अर्धवट विणलेलं टोपडं, सुयांसकट."

सुनेला कपाटातली पुडी आठवली. उरलेल्या पिवळ्या कापडाचं इवलंसं झबलं तिनं शिवलं होतं. कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधून ठेवलेलं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"तेवढ्यात निळ्या काठाच्या साडीतली एक म्हातारी आया आली. शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसली. म्हणाली, 'घाबरलीस? ऐक. हाताला सुई लावतील. आकडे मोजायला सांगतील, सहाच्या पुढे जाणार नाहीस. पंधरा-वीस मिनिटांचं काम. उठशील तेव्हा थंडी वाजेल, ओटीपोटात पाळीसारख्या कळा येतील. आठ-दहा दिवस अंगावरून जाईल, कमी कमी होत.'"

"बाबा, हे भूत नर्सिंग शिकलेलं होतं का?"

"मधे बोलू नकोस. 'तासाला दोन-दोन पॅड भिजायला लागले, ताप आला, घाण वास आला, तर लाजत बसू नकोस, परत ये. दूध उतरेल कदाचित. पिळू नकोस, आपोआप आटेल. पोट रिकामं झालंय हे छातीला उशिरा कळतं.'"

सासरे समोरच्या अंधाराकडे बघून बोलत होते. सुनेकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. सून मात्र शब्दन् शब्द साठवून घेत होती.

"बाईनं विचारलं, 'बादली उचलली म्हणून का हो गेलं?' आया म्हणाली, 'नाही. तुझ्या हातून काही चुकलं नाही.' मग बाई म्हणाली... 'त्याचं पुढे काय करतात?'"

सासऱ्यांनी शर्टाचा खिसा चाचपला.

"काय म्हणाली आया?" या वेळी सुनेनंच विचारलं.

"आधी तिनं बाईच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाली, 'मी नेते. पण उघडं कसं नेऊ?'"

नणंद सुनेला चिकटून बसली.

"बाईनं टोपडं दिलं. नवरा वर आला. आया नव्हती. चादरीवर सुरकुती नव्हती. नर्स म्हणाली, रात्री आया नसतेच. पिशवी उपसली... नुसत्या सुया. लोकर नाही. धागासुद्धा नाही."

"काहीतरी थापा," नणंद म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

सासऱ्यांनी शर्टाच्या खिशातून विणायच्या दोन सुया काढल्या आणि पायरीवर ठेवल्या.

"तो माणूस भित्रा होता," ते म्हणाले. "दुखतंय का, एवढंही त्यानं बायकोला कधी विचारलं नाही."

उठले आणि आत गेले.

गुरुवारी ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा फार पांढरा होता. सुई लागली. मोजा, कोणीतरी म्हणालं.

एक. दोन. पावलांवर थंड हात.

तीन. निळा काठ...

चार. "उघडं कसं नेऊ गं?"

पाच. सुनेचे ओठ हलले. कपाटात... पुडीत...

सहा.

उठली तेव्हा थंडी वाजत होती. कळा येत होत्या, पाळीसारख्या. ती घाबरली नाही. रडली मात्र खूप.

संध्याकाळी घरी आल्यावर सासऱ्यांनी दारातच विचारलं, "दुखतंय का गं, पोरी?"

"दुखतंय, बाबा," ती म्हणाली.

मग खोलीत जाऊन तिनं कपाट उघडलं. ब्लाउजपीसच्या गठ्ठ्याखाली पुडी होती. जागच्या जागी. दोरा तसाच, गाठही तिचीच. तिची गाठ सुटत नाही, कापावीच लागते.

तिनं कात्री आणली. दोरा कापला. कागद उलगडला.

झबलं नव्हतं.