एकेचाळीसचा खिळा

यातला एक शब्दही मी वाढवून सांगत नाहीये. उलट एक गोष्ट सात महिने पोटात ठेवली होती, ती आज सांगते.

मी टेकडीवरच्या उद्यानाच्या फाटकावर कामाला आहे. फिरायला येणारे मला गेटताई म्हणतात. कुणाला हृदयाच्या डॉक्टरांनी धाडलेलं, कुणाचे गुडघे धरलेले, कुणाला घर खायला उठतं. या पायवाटेनं कितीजणांना माणसांत आणलं.

आमची पद्धत साधी. फळीवर पन्नास खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे पन्नास बिल्ले. वर जाताना आपला बिल्ला घ्यायचा, उतरलं की टांगायचा. खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून वर. सगळे खिळे भरल्याशिवाय फाटकाला कुलूप नाही.

ही पद्धत माझ्या दादानं घालून दिली. पायवाट त्याच्याकडे होती. पायऱ्यांचे दगड बसवायचा, पाण्याचे चर मोकळे करायचा. त्याचा नंबर एकेचाळीस.

सात महिन्यांपूर्वी, एका संध्याकाळी, एकेचाळीसचा खिळा रिकामा होता.

दादा बऱ्याचदा मागच्या वाटेनं परस्पर घरी जायचा. बिल्ला खिशातच. एकट्याचं बिऱ्हाड, विचारणार तरी कुणाला? मला वाटलं, आजही तसंच. मी ड्रॉवरमधला एक कोरा बिल्ला काढला, त्याच्या खिळ्यावर टांगला...

आणि कुलूप लावलं.

सकाळी दादा तिसऱ्या वळणावरच्या बाकावर सापडला. बसलेला. गार.

त्याचा बिल्ला मात्र कुठेच मिळाला नाही.

लोक म्हणाले, झोपेत जावं तसा गेला. मी मान हलवली. कोरा बिल्ला गुपचूप ड्रॉवरमध्ये परत ठेवला. मला रडू आलं नाही. अजून येत नाही.

मागच्या गुरुवारी धुकं लवकर उतरलं. सहा वाजत आले होते. शिंपीकाका खाली आले आणि त्यांनी दोन बिल्ले टांगले.

"दुसरा कुणाचा हो?"

"मास्तरांचा. सतरा. येतायत मागून, गोगलगायींना वाट देत देत."

मी हसले. तेवढ्यात पाण्याची टाकी भरून वाहायला लागली, तिकडे धावले. परत आले तर फळी भरलेली. एकेचाळीसचा खिळा तेवढा आम्ही रिकामाच ठेवलाय.

मला वाटलं, मास्तर उतरून गेले असतील. मी कुलूप हातात घेतलं.

टण्...

सतराचा बिल्ला खाली पडला होता. वारा नव्हता. उचलून टांगला.

टण्...

पुन्हा तोच. पुन्हा टांगला.

तिसऱ्यांदा आवाजच आला नाही. मी वळून पाहिलं. सतराचा खिळा रिकामा होता. जमिनीवरही काही नव्हतं.

आणि वरून... दगडावर फावडं घासल्याचा आवाज. खर्र... खर्र...

दादाचं फावडं माझ्या मागे, केबिनमध्येच टांगलेलं होतं.

मी टॉर्च घेऊन वर गेले. तिसऱ्या वळणावर, त्याच बाकावर, मास्तर बसले होते. पाय मुरगळून टम्म सुजलेला. मास्तर इथे राहायला येऊन तीनच महिने झालेत. दादाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

"उशीर केलास गं," ते म्हणाले. "बरं झालं, तुझा दादा सोबतीला होता. फावडं घेऊन काम चाललं होतं त्याचं."

मी टॉर्च चौफेर फिरवला. दुसरं कुणी नव्हतं.

"म्हणाला, थांबा, ती येईल. आणि हे तुला द्यायला सांगितलंय."

त्यांनी मूठ उघडली. सतरा नंबरचा बिल्ला.

त्याच्याखाली... एकेचाळीस.

"एक मला कळलं नाही बघ," मास्तर म्हणाले. "जाताना म्हणाला, मलाही वाटलं होतं, ती येईल."

मास्तरांचा पाय आता बरा आहे. फिरतात.

दादाचा बिल्ला मी त्याच्या खिळ्यावर टांगला. सकाळी तो तिथे नसतो. संध्याकाळी बाकावर सापडतो. मी आणून पुन्हा टांगते. सकाळी पुन्हा नसतो.

खिळा रिकामा, म्हणजे माणूस अजून वर.

आणि मी रोज कुलूप लावते.