बत्ती गेली, कान्छी

ही गोष्ट खरी आहे. मला रचायची असती, तर मी ती रात्रीची रचली असती.

ती दिवसाची आहे. काठमांडूत, बानेश्वरच्या आमच्या घरातली. नेपाळी पंचांगातल्या माघ महिन्याची तेरा तारीख, सोमवार. ज्या हिवाळ्यात दिवसातले सोळा तास वीज नसायची, त्या हिवाळ्यातली.

मी घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावते. तेव्हा एका शब्दकोशाचं काम होतं. बा टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. आई आधीच गेलेली. थोरला भाऊ, दाइ, पोखऱ्याला. घरात आम्ही दोघंच.

त्याआधीच्या हिवाळ्यांत वीज गेली की माझा कॉम्प्युटर मरायचा. मग बा गच्चीवरून जिन्यात तोंड घालून ओरडायचे, "कान्छी, बत्ती गेली! वर ये, ऊन आहे!"

मी धाकटी, म्हणून कान्छी.

मी वर जायची. पेंढ्याच्या चटईवर आम्ही उन्हाला पाठ देऊन बसायचो आणि संत्री खायचो. ते शिरासुद्धा काढून द्यायचे. फारसं बोलणं होत नसे.

त्या वर्षी शब्दकोशाची मुदत जवळ आली आणि मी म्हणाले, "बा, बॅटरी घेऊ या."

आम्ही पुतलीसडकला, कॉम्प्युटरच्या बाजारात गेलो. दुकानदार त्रिरत्न. त्याने टेबलाखाली मावणारा एक छोटा डबा पुढे केला.

"हा किती वेळ चालेल?" बांनी विचारलं.

"दहा-पंधरा मिनिटं, बा. काम सेव्ह करून बंद करायला पुरे."

"हिला बंद करायचं नाहीये. आठ तास चालवायचंय."

"मग दिदींना नवरा करून द्या, तोच चालेल आठ तास."

"नवऱ्याची वॉरंटी किती?" मी विचारलं. बा इतके हसले, की त्रिरत्नने चहा मागवला.

मग बांनी कागद घेतला. कॉम्प्युटर आणि पडदा मिळून एकशे तीस वॅट. त्याला आठ तास. दीडशे अँपिअर-तासांची उंच बॅटरी लागेल. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, साध्यावर कॉम्प्युटर गुरगुरतो. बॅटरीवरची बनल्याची तारीख त्यांनी चष्मा कपाळावर सारून वाचली आणि दोन बॅटऱ्या नाकारल्या.

"बा, पोरीसाठी स्थळ बघताय की काय?" त्रिरत्न म्हणाला.

"स्थळ बघताना एवढं बघितलं असतं, तर ती परत आली नसती."

त्यावर कोणी हसलं नाही. बांनी माझ्याकडे बघितलं नाही. तिसरी बॅटरी त्यांना पसंत पडली.

सगळं त्यांनी स्वतः बसवलं. जिन्याखाली लाकडी फळी, फळीवर बॅटरी, टोकांना व्हॅसलीन. तिथली खिडकी कधी बंद करायची नाही, असं मला बजावलं. वायर एकच काढली, माझ्या टेबलापर्यंत.

"तुमच्या खोलीत एक दिवा तरी घ्या," मी म्हणाले.

"तुझे तास कमी होतील. मला सूर्य आहे."

वीज गेली की इन्व्हर्टर टक् करायचा आणि मग दर थोड्या वेळाने वाजत राहायचा. टूं... टूं... पडदा मात्र लुकलुकतही नसे. दुसऱ्याच दिवशी मी वैतागले.

"याचं तोंड बंद करा, बा. एक ओळ सुधरत नाही."

"अगं, ते कळायला असतं."

"काय कळायला?"

"बत्ती गेली म्हणून."

"तुम्ही आहात की ओरडायला."

त्यांनी झाकण उघडलं आणि बझर कापून काढला. करंगळीच्या पेराएवढा, काळा, मध्ये भोक असलेला. तो त्यांनी आपल्या जुन्या तंबाखूच्या डबीत ठेवला. ते काही टाकत नसत.

त्यानंतर वीज गेली तरी माझं काही अडेना.

ते हाक मारत राहिले. मी "आले" म्हणायची आणि जायची नाही. मग "आले" म्हणणंही सुटलं.

त्या सोमवारी सकाळी धुकं होतं. दहा वाजता आम्ही भात जेवलो. गुंद्रुकचं, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, सार जरा खारट झालं होतं. ते म्हणाले, "समुद्र नसलेल्या देशात एवढं मीठ कुठून आणलंस?" मी पानं घेऊन बसले. ते चटई आणि संत्र्यांची परडी घेऊन वर गेले.

अकरा वाजता वीज जायची होती. गेली असणार.

"कान्छी, बत्ती गेली! वर ये, ऊन आहे!"

थोड्या वेळाने पुन्हा. "कान्छी! संत्री सोलून ठेवलीयेत!"

आणि मग बराच वेळ काही नाही.

आणि मग...

"कान्छी."

एवढंच. हळू. जवळून बोलल्यासारखं.

एवढं पान संपवू, असं मी ठरवलं. ते संपल्यावर पुढचं घेतलं.

चार वाजता मला जाणवलं, की आज चहा कोणी मागितला नाही. मी वर गेले. ऊन भिंतीवर चढलं होतं. बा चटईवर कुशीवर होते. बशीत माझ्या वाटणीच्या फोडी होत्या, शिरा काढलेल्या. वाऱ्याने त्यांच्यावर कागदासारखी साल धरली होती.

मी आधी बशी उचलली. का, ते मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. दुपारी बारा-एकच्या सुमाराला. वेळेत आणलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं.

दाइ रात्री पोचले. पहिलंच विचारलं, "हाक मारली नाही त्यांनी?"

"नाही," मी म्हणाले.

एक शब्द. तो पुढे माझा राहिला नाही. पांढरं वस्त्र नेसून दाइ तेरा दिवस क्रियेला बसले आणि येईल त्याला सांगत राहिले, "बा शांत गेले. हाकसुद्धा मारली नाही. कोणाला त्रास नाही." म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, पुण्यवान माणूस. मी चहा द्यायची. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

चौदाव्या दिवशी दाइ पोखऱ्याला गेले आणि मी कामाला बसले.

अकरा वाजता जिन्याखाली टक् झालं.

पडदा स्थिर होता.

आणि मग...

टूं.

मी मान वर केली. थोड्या वेळाने पुन्हा. टूं.

मग बराच वेळ काही नाही. मी वाट बघत होते, हे नंतर माझ्या ध्यानात आलं.

टूं. हळू.

मग दिवसभर शांत.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्याही. वीज केव्हाही जावो, तीनच वेळा. दुसऱ्या आणि तिसऱ्यामधला वेळ मी घड्याळ लावून मोजला. सतरा मिनिटं. रोज सतराच.

त्या सोमवारी मी मोजलं नव्हतं. पण त्या दिवसाच्या फायलींवर वेळ उमटलेली होती. दुसरी हाक आली तेव्हा मी एक पान सेव्ह केलं होतं, तिसरी आली तेव्हा त्याच्या पुढचं. मी बघितलं.

सतरा मिनिटं.

मी त्रिरत्नला बोलावलं. बा गेल्याचं ऐकून त्याने दारातच चपला काढल्या. मग झाकण उघडलं.

"वाजतो म्हणता? दिदी, याला तोंडच नाहीये, बोलेल कुठून?" त्याने बोट दाखवलं. दोन तुटक्या तारा, टोकांना नीट गुंडाळलेली पट्टी. "हात बघा बांचा. आमची पोरं असं काम करत नाहीत."

तो बोलत होता आणि वीज गेली. टक्.

टूं.

त्रिरत्नने आपला मोबाइल काढून बघितला. "तुमचा वाजला?"

"माझा वर आहे. बंद."

दुसरा टूं झाला तेव्हा त्याचा हात अजून यंत्रातच होता. त्याने तो सावकाश बाहेर काढला. झाकण लावलं, पण एक स्क्रू खालीच राहिला. तिसऱ्यासाठी तो थांबला नाही.

मी त्याच दिवशी बॅटरीच्या वायरी सोडवल्या. कॉम्प्युटर झाकून ठेवला.

दुसऱ्या दिवशी वीज गेली तेव्हा घरात वाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी खिडकीशी बसले होते.

टूं.

आवाज जिन्याखालून नव्हता. बांच्या खोलीतून होता.

ती खोली उत्तरेची. हिवाळ्यात तिथे ऊन कधीच येत नाही. फडताळावरची डबी बर्फासारखी गार होती. मी ती उघडली. आत तो काळा बझर होता. मी तो उचलला.

तो ऊन होता...

बराच वेळ उन्हात ठेवलेल्या संत्र्यासारखा.

मी डबी लावली. कोणाला काही सांगितलं नाही.

पंचेचाळिसाव्या दिवसाच्या विधीला दाइ आले. सकाळचं सगळं उरकल्यावर ते गच्चीवर जाऊन बसले. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. अकरा वाजले.

"कान्छी, बत्ती गेली!" जिन्यातून आवाज आला. "वर ये, ऊन आहे!"

दाइंचाच आवाज होता. तसं माझं मत आहे.

मी हात पुसले आणि गेले. दाइ चटईवर बसले होते, पांढऱ्या कपड्यांत, उन्हाला पाठ देऊन. मी बांच्या जागी बसले.

"खाली काय वाजतंय गं?" दाइंनी विचारलं. "मघापासून दोनदा झालं."

"तुम्हाला ऐकू येतंय?"

"येतंय की. बारीक. इथे आवाज खालपर्यंत जातो, तसा खालचा वरही येतो." मग जिन्याकडे बघत ते नेहमीचं म्हणाले, "एक हाक मारली असती बांनी, तर तू धावत आली असतीस. पण मारली नाही. कोणाला त्रास नाही दिला."

खाली शांत होतं. सतरा मिनिटं अजून झाली नव्हती.

आज त्या घरात दिवसभर वीज असते. बॅटरी केव्हाच कोणाला तरी देऊन टाकली. डबी माझ्याजवळ आहे. तिसऱ्या टूंनंतर नक्की काय व्हायला हवं होतं, हे मला अजून कळलेलं नाही, आणि अकरा वाजले की माझी मान अजून वर होते. पण त्या दिवशी गच्चीवर मी तिसऱ्याची वाट बघितली नाही.

"दाइ," मी म्हणाले.

"हं?"

"तीनदा मारली होती. तिन्ही वेळा मला ऐकू आलं होतं."