शेवटची पट्टी

दिवा जरा अलीकडे घ्या. तशी घाबरण्यासारखी गोष्ट नाही. मीसुद्धा एकूण थोडीच घाबरले होते.

त्या संध्याकाळी मी खाली दुकानात गेले, ती फक्त बादलीत भिजत टाकलेला वेत काढून ठेवायला. आमचं घर वर आणि दुकान खाली. नवरा जुन्या खुर्च्यांची लाकडं दुरुस्त करतो, मी वेताच्या बैठका विणते. लग्नाआधी मी बातम्यांच्या एका वाहिनीत होते. तिथं जेवण उभ्याउभ्या व्हायचं आणि 'नंतर' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. साहेबांना आम्ही पाठीमागे 'तातडी' म्हणायचो. लग्नासाठी लांब रजा काढली, सहज गंमत म्हणून वेत हातात घेतला आणि मग तो सोडवेना. कित्येक वर्षांनी मला झोप लागू लागली, भूक लागू लागली. राजीनामा मात्र दिला नव्हता. तेवढा धीर होत नव्हता.

त्यात दुकानात एक विचित्र प्रकार सुरू झाला. जुन्या सवयीनं मी हातातली खुर्ची त्याच दिवशी संपवूनच उठायची, मग पाठ मोडो की बोटं सोलोत. आणि सकाळी पाहावं तर वेताची शेवटची पट्टी निघालेली. तुटलेली नाही, सुटलेली नाही. नीट सोडवून, गोल गुंडाळून, बादलीत ठेवलेली.

"तुझी गाठ कच्ची राहत असेल," नवरा म्हणाला.

"गाठ कच्ची राहिली तर पट्टी लोंबते रे. चालत जाऊन आंघोळ करत नाही."

तो हसला. मीही हसले, पण आतून धसकले होते. सासऱ्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. लग्न ठरायच्या आधीच ते गेले. दुकानाच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, ओठ घट्ट मिटलेले. ही बैठक विणायची जागाही त्यांचीच. मला वाटायचं, सून पसंत नाही हे सांगायला तोंड उरलं नाही की माणूस असंच सांगत असेल.

नेमका त्याच दुपारी तातडींचा फोन आला होता. "परत येतेयस, की तुझी जागा दुसऱ्या कुणाला देऊ? आजच सांग." मनात म्हटलं, घरालाच मी नको असेन तर जाते बापडी.

तर मी जिना उतरले. नवरा आणि सासूबाई दुरुस्त झालेली खुर्ची पोचवायला गेले होते. बाहेर धुकं इतकं दाट की समोरचं घर पुसल्यासारखं झालेलं. दिवे गेले होते, म्हणून हातात कंदील. दुकानात ओल्या वेताचा वास भरून राहिला होता, कुणीतरी आत्ताच हाताळल्यासारखा ताजा. आणि आवाज आला…

कर्र… कर्र…

भोकातून वेत ओढताना येतो, तोच. पण उलटा. घालण्याचा नाही, काढण्याचा.

मी कंदील वर केला. सकाळपासून खपून संपवलेली माझी खुर्ची मधोमध उभी होती. तिची शेवटची पट्टी आपणहून बाहेर येत होती. ओरबाडून नाही, लहान मुलीची वेणी सोडावी, तशी हलक्या हातानं. हात मात्र नव्हता.

पळावं म्हटलं तर पाय तिथंच. शेवटी जे मनात साचलं होतं तेच बाहेर आलं.

"मी… मी पसंत नाही का तुम्हाला?"

पट्टी थांबली.

मग कोपऱ्यातलं विणताना बसायचं बुटकं स्टूल फरशीवरून घासत आलं… आणि माझ्या गुडघ्यांना टेकून थांबलं.

बसले. कंदील फरशीवर ठेवला. पुढं काहीच झालं नाही. धुकं काचेला टेकून होतं, बादलीत एक थेंब पडला, माझा श्वास हळूहळू जागेवर आला. हातात काम नाही, पुढं काम नाही, आणि मी नुसती बसलेली. शेवटचं असं कधी बसले होते, आठवेना. वर माझा फोन वाजून वाजून गप्प झाला. मला उठावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला फार छान वाटत होतं.

सासूबाई आल्या त्या मला आणि अर्ध्या निघालेल्या पट्टीला बघून हसायलाच लागल्या.

"संपवलीस होय पुन्हा? अगं, या दुकानात शेवटची पट्टी त्याच दिवशी घालत नाहीत. ती सकाळची. उठल्यावर खाली यावंसं वाटायला नको?"

"आई, मग सांगायचं नाही का!"

"तू विचारायला थांबतेस कुठं? आलीस, विणलंस, संपवलंस. मी म्हटलं, पोरगी दमेल तेव्हा बोलू."

त्याच रात्री मी खाली दुकानातूनच तातडींना फोन करून सांगितलं, येत नाही. तर म्हणाले, "असं घाईनं ठरवू नकोस." आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाले असतील. मी इतकी हसले की नवरा वरून धावत आला.

तेव्हापासून संध्याकाळ झाली की मी शेवटची पट्टी बादलीत सोडते, फोटोकडे बघून "येते हं बाबा" म्हणते आणि जिना चढते. सकाळी उतरताना पावलं आपोआप भराभर पडतात. पट्टी पुन्हा कधी निघाली नाही.

परवा सासूबाईंच्या डोक्याला तेल लावताना सहज म्हटलं, "बाबांनी मला छान शिकवलं, नाही?"

"कुणी? यांनी?" त्यांनी मान वळवली. "अगं, हे मोठी साहेबी सोडून इथं आले, तेव्हा तुझ्याहून घाईचे होते. यांच्या पट्ट्या वर्षभर निघत होत्या."

माझा हात थांबला. "मग… खाली कोण आहे?"

"आम्ही नाही बाई विचारलं," त्या डोळे मिटत म्हणाल्या. "तू लाव. थांबू नकोस."

खाली दुकानात कुणीतरी निवांत टेकल्यासारखी एक खुर्ची करकरली.