कागदावरची रिकामी वर्तुळं

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमच्यावर. पण हे मला माझ्या मैत्रिणीनं, फेन्नानं तिच्या स्वयंपाकघरात बसून, कोळंबी सोलता सोलता सांगितलं. फेन्ना भुताखेतांची बाई नव्हे. चर्चमध्येसुद्धा ती घड्याळ बघत बसते.

तारीख चार मे २०१६. नेदरलँड्सच्या उत्तरेला झाउटकाम्प नावाचं कोळ्यांचं गाव. संध्याकाळचे आठ. ऊन अजून खिडकीत होतं.

म्हणजे अंधाराचं निमित्तही नाही.

फेन्नाचा भाऊ रेम्मर. जुन्या सिंथेसायझरवर संगीत करायचा. एके काळी त्याच्या ‘भरती’ या धुनेनं त्याला जर्मनीपर्यंत नेलं होतं. लांब समुद्रावर बोट हाक मारते आहे आणि ती हाक आपल्यालाच आहे, असा काहीसा तो नाद. कीर्तन संपून टाळ खाली ठेवले तरी कानात घुमत राहतो ना, तसा उरणारा.

त्या जुन्या यंत्राला आठवण नसते. त्याच्यावर चोवीस गोल बटणं. एक जरा फिरलं की जमलेला नाद गेला. म्हणून नाद जमला की बटणं कुठे आहेत ते कागदावरच्या चोवीस वर्तुळांत पेन्सिलीनं खुणा करून ठेवायचं. ते काम रेम्मरची बायको हिस्के करायची. त्याचा हात बटणाकडे गेला की ती म्हणायची, “थांब. आधी लिहू दे.”

हिस्के गेली. महिन्याच्या रद्दीच्या दिवशी रेम्मरनं घर आवरलं, जुनी वर्तमानपत्रं नीट बांधून दाराबाहेर ठेवली.

‘भरती’चा कागद त्या गठ्ठ्यातच होता.

अकरा वर्षं कुणी त्याला बोलावलं नाही. मग त्या हिवाळ्यात ग्रोनिंगेन शहरातून फोन आला. पाच मेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मेळ्यात वाजवाल का? ‘भरती’ मात्र हवीच.

तीन महिने तो यंत्रापुढे बसून होता. रात्रंदिवस बटणं फिरवत होता. नाद काही सापडेना.

चार तारखेला फेन्ना मोहरीचं सूप घेऊन आली. म्हणाली, “अरे, चाळीस वर्षं बसलायस त्याच्यापुढे. त्यालाच तुझा वीट आला असेल. चल माझ्याबरोबर बंदरावर.”

तो गेला नाही. गाव सगळं बंदरावरच्या स्मारकाशी जमलं होतं. आठ वाजता युद्धातल्या मेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहायचं. सगळा देश उभा राहतो. गाड्या थांबतात. घरात एकटा असला तरी माणूस हलत नाही.

रेम्मरनं यंत्र बंद केलं. प्लगसुद्धा काढला. खिडकीशी जाऊन, यंत्राकडे पाठ करून उभा राहिला.

चर्चची घंटा थांबली.

शांतता...

आणि मागे खुर्ची करकरली.

रेम्मर हलला नाही. मांजर असेल, त्याला वाटलं. मग आठवलं... मांजर मरून चार वर्षं झाली.

टक्.

बटण फिरल्याचा आवाज.

मग कागदावर पेन्सिल. खर्र... खर्र... आणि मध्ये थांबून, विचार करून, पुन्हा खर्र.

 वळून तिथे पोचायला दीड पाऊल पुरलं असतं. पण लहानपणापासून अंगात भिनलेलं... या दोन मिनिटांत वळायचं नसतं.

अगदी शेवटी तो नाद आला. बारीक. लांबून. प्लग काढलेल्या यंत्रातून.

शेजारच्या टीव्हीवर राष्ट्रगीत सुरू झालं. तो वळला.

कुणी नव्हतं.

यंत्रावर एक कागद होता. चोवीस वर्तुळं. त्यातल्या चारांत खुणा. खुणेच्या टोकाशी बारीकसा बाक... हिस्केचाच हात.

उरलेली वीस रिकामी.

दुसऱ्या दिवशी तो ग्रोनिंगेनला गेला. बाकीच्या धुना वाजवल्या. ‘भरती’ची वेळ आली तेव्हा त्यानं हात काढून घेतले, यंत्र बंद केलं आणि लोकांकडे तोंड करून नुसता उभा राहिला.

वाट बघत.

काहीच आलं नाही. एक पोरगी खोकली. मग कुणीतरी शिट्टी मारली. म्हातारा धून विसरला, असं झालं. त्यानंतर फोन आला नाही.

फेन्ना त्याच्यावर चिडली होती. भर मैदानात असं का केलंस, म्हणून विचारलं. तेव्हा त्यानं कागद दाखवला आणि म्हणाला, “वर्षभर मीच आवाज करत असतो गं. ती होती तेव्हाही मीच करायचो. तिला जागा मिळते ती एवढी दोनच मिनिटं.”

फेन्नाला वाटलं, एकटेपणानं डोकं फिरलं. खुणा यानंच केल्या असणार.

पण दर चार मेला वर्तुळं भरत गेली. कधी दोन, कधी तीन.

गेल्या वर्षी ती स्वतः त्याच्या घरी थांबली. खिडकीशी, भावाशेजारी. त्याचे दोन्ही हात तिच्या डोळ्यांसमोर होते.

मागे पेन्सिल चालत होती.

“मग वळून पाहिलं का नाहीस?” मी विचारलं.

तिनं हातातली कोळंबी खाली ठेवली. म्हणाली, “दोन मिनिटांत कोण हलतं?”

आता कागदावर एकच वर्तुळ रिकामं आहे. फेन्ना त्याच्या मागे लागली आहे की या चार मेला माझ्याकडे ये, बंदरावर चल, कुठेही चल. तो कागद भरला की पुढे काय, हे तिला कळत नाही. मलाही नाही. मी रोज देवापुढे हात जोडते तेव्हा त्याचं नाव घेते, पण त्याच्यासाठी काय मागायचं तेच सुचत नाही. नाद सापडू दे म्हणू, की सापडू देऊ नको?

काल फेन्नाचा फोन आला होता. ती त्याच्याकडे जाऊन आली.

यंत्रापुढे त्यानं दुसरी खुर्ची ओढून ठेवली आहे म्हणे.

आणि पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.