जोडीचा उंदीर

काम तसं किरकोळ होतं. जायचं, एक उंदीर एका पेटीतून काढायचा, साध्या पिंजऱ्यात ठेवायचा, घरी यायचं. एवढ्या कामासाठी कुणी रात्री बाहेर पडलं तर तुम्ही त्याला अडवाल का? नाही ना. त्यालाही कुणी अडवलं नाही.

नोव्हेंबरातला शेवटचा मंगळवार होता. अमावास्या-बिमावास्या काही नाही, चांगलं टिपूर चांदणं पडलेलं. साडेदहा वाजले होते. नावं सांगत नाही, कारण माणसं हयात आहेत आणि त्यांतला एक मला अजून रस्त्यात भेटतो. दोघं सख्खे भाऊ. एकाला थोरला म्हणू, दुसऱ्याला धाकटा.

थोरला एका औषधांच्या प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचा. हसू नका, पोटापाण्याचं काम होतं ते, आणि तो ते जीव लावून करायचा. तिथे व्यसनावर संशोधन चालायचं. उंदराला एक छोटी पेटी, पेटीत एक खटका. उंदराने खटका दाबला की वरचा दिवा लागायचा, बाहेरचा पंप घुर्र करायचा आणि बारीक नळीतून नशेच्या औषधाचा थेंब थेट त्याच्या रक्तात जायचा. शिकवावं लागत नाही हो. एकदा चुकून पाय पडतो, मग तो पाय तिथून हलत नाही. दाणे समोर पडलेले असतात, तोंड लावत नाही.

आता पुढचं नीट ऐका. प्रत्येक पेटीला शेजारची एक पेटी जोडलेली. तिच्यातही उंदीर, त्यालाही नळी, पण त्याचा खटका नुसता नावाला. पहिल्याने दाबलं की थेंब दोघांना. दुसऱ्याने मागितलेलं नसतं, आणि नको म्हणायची सोय नसते. त्याला म्हणायचे जोडीचा उंदीर. थोरल्याने तिथल्या मॅडमना एकदा विचारलं होतं, की हा बिचारा कशाला मधे?

"नशा औषधात किती आणि मागण्यात किती, ते शोधायला नको का?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," थोरला म्हणाला. मॅडम हसल्या. याला काही हसू आलं नाही.

कारण घरी धाकटा होता. कितीतरी वर्षं तो एकटाच खटका दाबत होता आणि सगळं घर त्याच्या जोडीला बांधलेलं होतं. आईचं वजन उतरलं, थोरल्याचं लग्न मोडलं, शेजाऱ्यांनी बोलणं टाकलं. शेवटी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तिथून परत आला तेव्हा थोरल्याने उंबऱ्यातच सांगितलं, "आता एकदा जरी घेतलंस ना, तर तू मला मेलास. दवाखान्यातसुद्धा बघायला येणार नाही." नुसता धाक नव्हता तो. त्याने मनाशी तसं ठरवलंच होतं.

धाकट्याने मान डोलावली. वर स्वतःच म्हणाला, रात्री माझ्या खोलीला बाहेरून कुलूप घाल. खिडकीला गज होतेच. तेव्हापासून रोज रात्री थोरला कुलूप घालायचा, चावी खिशात टाकायचा, आणि आई त्या दाराला टेकवूनच खाट टाकायची.

त्या मंगळवारी दुपारी प्रयोगशाळेत एक उंदीर मेला. खटका दाबणारा. दाबून दाबून पायाची कातडी सोलवटली होती त्याच्या. नियम असा, की दाबणारा मेला की त्याच्या जोडीच्या उंदराची नळी त्याच दिवशी सोडवायची. थोरल्याने मेलेला उचलला, पेटी पुसली, पण जोडीच्याला तसाच ठेवला. घरी जायची घाई होती. म्हणाला, दाबणाराच गेला, आता याला कुठून मिळणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

रात्री मॅडमचा फोन आला. "अहो, जोडीचा काढलात का?"

"सकाळी काढतो मॅडम."

"आत्ता काढा. नियम उगाच नाही केलेला."

चरफडत उठला. निघताना कुलूप घालायला गेला तर धाकटा खाटेवर बसलेला. त्याने दोन्ही हात पुढे धरले.

"दादा, बघ. थरथरत नाहीत आता."

थोरल्याने पाहिलं. खरंच, हात स्थिर होते. त्याला मनातून फार आनंद झाला, पण वर्षानुवर्षं पोळलेला माणूस तो. "बरं. झोप," एवढंच म्हणाला. चार गोड शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि निघाला.

प्रयोगशाळा गावाबाहेर, सायकलवर पाच-सात मिनिटं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विडी विझवत विचारलं, "एवढ्या रात्री?" हा म्हणाला, "उंदीर झोपू देत नाहीत." दोघं हसले. आत लांब बोळ, बोळाच्या टोकाला खोली. उंदरांच्या खोलीत रात्री तांबडा दिवा असतो, मंद, कारण तो त्यांना दिसत नाही म्हणतात. भुशाचा वास. बाकी सगळं गप्प.

मग आवाज आला.

टक. घुर्र...

थोरला थांबला. बाकीचे सगळे पंप संध्याकाळीच बंद केलेले. चालू एकच होता. मेलेल्याच्या पेटीचा.

टक. घुर्र...

तारेत बिघाड असेल, तो मोठ्याने म्हणाला. मोठ्याने कशाला म्हणाला, कुणास ठाऊक. पेटीजवळ गेला. काचेतून आत वाकून पाहिलं. पेटी रिकामी. दुपारी पुसली होती तशी, लख्ख.

खटका खाली गेला. दिवा लागला. खटका वर आला.

आत कुणी नाही.

त्याची नजर शेजारच्या पेटीवर गेली. जोडीचा उंदीर कुशीवर पडला होता. डोळे अर्धे उघडे. पोट हलतंय... नाही... हलतंय. थोरल्याने झाकण उघडलं, नळी सोडवली, उंदीर तळहातावर घेतला आणि छातीशी धरून चोळला. जरा वेळाने त्याने एक मोठा श्वास घेतला. मग दुसरा. पाय हलवले. थोरल्याच्या जिवात जीव आला. साध्या पिंजऱ्यात त्याला भुशावर ठेवलं आणि म्हणाला, "सुटलास बाबा."

टक.

घुर्र...

आता नळीला कुणीच नव्हतं. तिचं टोक मोकळं लोंबत होतं. पंप औषध पुढे ढकलत होता, त्याच्या काचेच्या नळकांडीतलं औषध कमी होताना दिसत होतं. थोरल्याने नळीच्या टोकाखाली बोट धरलं.

कोरडं.

टक. घुर्र... औषध आणखी कमी झालं. बोट कोरडं. खाली फरशी कोरडी.

मग जातंय कुठे?

त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. पेटीचा दिवा गेला. पंपाची वायर उपटून हातात घेतली.

टक.

घुर्र...

वायर त्याच्या हातात होती. त्याने औषध ढकलणारा नळकांडीचा दट्ट्या दोन्ही हातांनी धरला. दट्ट्या त्याच्या बोटांसकट पुढे सरकत राहिला. हळूहळू. अगदी टोकाला जाऊन थांबला. नळकांडी रिकामी झाली.

मग खटका वाजायचा थांबला. शांत...

आणि खिशात फोन वाजला. आई होती.

"अरे, धाकटा आत कसातरीच घोरतोय. हाका मारते, ओ देत नाही. चावी तुझ्याकडे... लवकर ये रे."

सायकल कशी चालवली ते त्याला आजही आठवत नाही. कुलूप होतं तसं होतं. आई दाराला पाठ लावून बसलेली. "कुणी आलं नाही रे. दार उघडलंच नाही," एवढंच ती परत परत म्हणत होती. आत धाकटा कुशीवर पडला होता. ओठ निळे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास येत होता... थांबत होता... येत होता. खोली उलटीपालटी केली. सुई नाही, पुडी नाही, काही नाही.

दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं तेव्हा कुठे तो माणसात आला. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, "अफूच्या जातीचं औषध आहे. चांगलं जोरात घेतलंय."

"कुठून घेईल? कुलूप होतं."

"हे लोक मिळवतात हो. आम्ही रोज बघतो."

आणि बघा, माणसाचं मन किती कोतं असतं. आत्ताच स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहून आला होता! तरी डॉक्टरांचं ते एक वाक्य ऐकलं आणि मन जुन्याच वाटेने गेलं. इतक्या वेळा फसवलंय याने. इतक्या वेळा खोटी शपथ घेतलीय. थोरला उठला, आईला म्हणाला, "संपलं. मी निघालो."

धाकट्याने डोळे उघडले. आवाज कसाबसा फुटला.

"दादा... मी मागितलं नव्हतं."

थोरला दारातच थबकला. पण वळला नाही.

नर्सबाई धाकट्याला कुशीवर करून अंग पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "याचं इथे काही ऑपरेशन झालं होतं का हो?"

"नाही," आई म्हणाली.

तेव्हा तो वळला. जवळ आला. नर्सबाईंनी दिवा खाली ओढला. मानेखाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कातडी बोटभर जागी वस्तऱ्याने साफ केलेली होती. तिथे एक टाका होता. ताजा. निळ्या दोऱ्याचा.

उंदराला नळी तिथूनच बाहेर काढतात. चिरायचं काम मॅडमचं. पण टाका घालायचं काम, असल्याच निळ्या दोऱ्याने, त्या प्रयोगशाळेत एकट्या थोरल्याचं. तो डावखुरा आहे. त्याची गाठ नेहमी दुसऱ्या बाजूला पडते, शंभरात ओळखू येते, असं मॅडम म्हणायच्या.

थोरल्याने ती गाठ पाहिली. कितीतरी वेळ पाहिली. मग भावाच्या पायाशी बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याची माफी मागितली.

धाकट्याने त्यानंतर कधी घेतलं नाही. टाका मात्र कुणालाच काढता आला नाही. दोरा कापला, की सकाळी नवा असतो. निळा. आणि गाठ त्याच बाजूला.